यंदा रोवणीला मी नाही

न्यूझीलंड,
रविवार, १५ जून २०२५

चि. गुड्डी,

तुला, जावईबापूंना आणि खुशबूला आशीर्वाद. इकडे मोनू, रिता आणि अंश ठीक आहेत. थंडी पडली आहे. जूनमध्ये थंडी, इथलं सगळंच उलटं. माझा गुडघा बरा आहे. तुझ्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का ते कळव. तुमसरला पाऊस आला का तेही कळव. सानगडीत अजून थेंब नाही असं तुझे बाबा म्हणाले.

आई फोन सोडून पत्र कायले लिहून राहिली, असं तू म्हणशील. फोनवर तू मला दोन वाक्यं बोलू देतेस आणि तिसऱ्याला "ठेवतो आई, कुकर लागला" म्हणतेस. पत्रात कुकर लागत नाही. आणि दुसरं कारण असं की हे पत्र तुझ्या हाती पडायला तीन आठवडे तरी लागतील, असं इथल्या पोस्टातल्या मुलीनं सांगितलं. मला तेच हवं होतं. सत्तावीस तारखेचं माझं विमान तोवर निघून गेलेलं असेल आणि मी त्यात बसलेली नसेन.

वाचलंस ना? परत एकदा वाच. मी येत नाही. धानाची रोवणी माझ्याशिवाय होईल. माझा व्हिसा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आहे आणि माझ्या पोरांचा शेवटचा सामना तेवीस ऑगस्टला आहे. तो झाला की त्याच आठवड्यात निघेन. पोळा चुकेल, गणपती मिळेल. तिकीट बदलायला मोनूला सांगितलं तर तो तोंड पाडून बसला, म्हणून सूनबाईनं, रितानं बदलून दिलं. आणखी कुणाला विचारायचं राहिलं असेल तर ते राहू दे.

तुझ्या बाबांचे मला रोज आवाजी निरोप येतात. सकाळी एक, संध्याकाळी एक, बीपीच्या गोळीसारखे. "शकुनबाईनं तुह्या बाया फोडल्या. केवळरामच्या बांध्या तिनं धरल्या. तू तिथं पोट्ट्याइच्या मागं धावून राहिली अन् इकडं तुही टोळी मोडून राहिली." मोडू दे. शकुनबाईचा हात चांगला आहे. बायांना चहाला वेळ देत नाही एवढंच, त्यामुळे आठ दिवसांत कुरबुर सुरू होईल. बावीस वर्षं मी रोवणीची टोळी चालवली. कोणाच्या बांधीत कुठे कंबरभर चिखल आहे आणि कोणाकडे विंचू निघतो, हे त्या शेतांच्या मालकांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. एक वर्ष दुसरीनं चालवली तर सानगडीतलं धान उगवायचं थांबत नाही.

मग तो फोटो. मी ट्रॅकपँट घातलेली, गळ्यात शिट्टी, कपाळापर्यंत चिखल. अंशच्या शाळेतल्या कुणीतरी काढला, मोनूनं हौसेनं बाबांना पाठवला आणि बाबांनी गावाच्या ग्रुपवर टाकला. हो, त्यांनीच टाकला, आणि आता तेच म्हणतात, गाव हसते! पार्वताबाई म्हणे म्हणाली, "बुढीले तिकडची हवा लागली." लागली. चांगली हवा आहे, तिला म्हणावं.

पण या सगळ्यांचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते तुझ्या निरोपाचं. आणखी राहावंसं वाटतं म्हटलं तर मंगळवारी तू लिहिलंस, "बाबानं मले जाऊ देलं नाही, तुले काहून राहू देईन? गपचूप ये वापस." एवढंच. मी ते दहा वेळा वाचलं. त्याचं उत्तर या पत्रात आहे, गुड्डी, पण तिथवर पोचायला मला जरा वेळ लागेल. आधी खेळाचं सांगते.

मार्चमध्ये मी आले तेव्हा घर ते शाळा आणि शाळा ते घर, एवढंच माझं जग होतं. मोनू दुधाच्या फॅक्टरीत, रिता म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला, आणि मी अंशला आणायला-पोचवायला. एप्रिलमध्ये अंशचं नाव रग्बीत घातलं. मोनू आधी मला मोठ्यांचा सामना दाखवायला क्लबाच्या मैदानावर घेऊन गेला. बाप्पा रे! पंधरा-पंधरा माणसं, एकेकाची मान आपल्या हल्याएवढी. एकानं चेंडू घेतला की बाकीचे त्याच्यावर जाऊन आदळतात. मला वाटलं भांडण लागलं. मी उठून उभी राहिले, तर बाजूची बाई मला धरून खाली बसवते. खेळ संपल्यावर तेच राक्षस एकमेकांच्या गळ्यात हात टाकून चहा पीत होते. मंडईच्या जत्रेतल्या कबड्डीत तरी निदान दोन दिवस अबोला असतो.

लहानांचं तसं नाही. सात वर्षांखालच्या पोरांना पाडापाडी नाही. कमरेला पट्टा असतो, त्याला दोन बाजूंना दोन फडकी. चेंडू घेऊन पळणाऱ्याचं फडकं कुणी ओढलं की त्यानं चेंडू आपल्या गड्याला द्यायचा. पण कसा? तर मागे. पळायचं पुढे आणि चेंडू टाकायचा मागे. पुढे टाकला की शिट्टी. हे काय लफडं, असं मला वाटलं. कुंपणापाशी अंशचं जाकीट धरून उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, ज्यानं हा खेळ काढला त्याला घाई नसावी.

एक दिवस डोक्यात प्रकाश पडला. पऱ्ह्याची पेंढी, रोपांची जुडी! बांधीत बाया ओळीनं वाकून रोवतात आणि मागे मागे सरकतात. बांधाच्या धुऱ्यावरून पेंढी फेकणाऱ्यानं ती बाईच्या मागे टाकायची असते. सरकत आली की हाताला लागते. पुढे टाकली तर लावलेली रोपं मोडली, मग त्याला बायांच्या शिव्या. तू नऊ वर्षांची असल्यापासून पेंढ्या फेकायचीस आणि तुझी पेंढी कधी चुकली नाही. तर हा तोच प्रकार होता. त्या दिवसापासून मी कुंपणावरून ओरडायला लागले, "मागं! मागं टाक, बाबू!" आणि पोरं चक्क मागे टाकायला लागली.

त्यांना शिकवणारा एका पोराचा बाप होता. त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि तो गेला. तीन मंगळवार कुणीच आलं नाही. सगळ्या आईबापांना कामं. मग शॅरन माझ्याकडे आली. शॅरन म्हणजे त्या क्लबाची सर्वेसर्वा. चेंडूंची पिशवी, खोलीची किल्ली, चहाची केटली, सगळं तिच्याकडे. ती मोनूशी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलली आणि मोनू हसून मान हलवायला लागला. इंग्रजी मला येत नाही, पण आपल्या पोराची नकाराची मान मला कळते.

मी विचारलं, "काय म्हणते ते?"

"काही नाही आई. तुले कोच हो म्हणते. मी सांगतलं, तुले जमणार नाही."

"मले इचारलं तू?"

"आई, तुले भाषा येत नाही. नियम येत नाहीत. उद्या काही झालं तर?"

मी त्याच्या अंगावरून पुढे गेले आणि शॅरनला म्हटलं, "यस." मला जे पाच-सहा शब्द येतात त्यातला तो एक. तिनं शिट्टी माझ्या गळ्यात घातली.

दहा पोरं माझ्याकडे आली. रिताचे जुने टॉवेल गुंडाळून, सुतळीनं बांधून मी पेंढ्या केल्या आणि सगळ्यांना त्या मागे फेकायला लावल्या. दोन आठवड्यांत त्यांचा हात असा बसला की शॅरन बघत राहिली. पण मी त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली, आणि तिथेच माती खाल्ली. मी त्यांना ओळ शिकवली. आपल्याकडे रोवणीत ओळ मोडत नाही. जिचा हात चालतो तिनं थांबायचं, जिचा चालत नाही तिनं उरकायचं, सगळ्यांनी एकदम मागे सरकायचं. बावीस वर्षं मी हेच करून घेतलं. मला वाटलं, शिस्त ती शिस्त.

पहिला सामना. समोरची पोरं चेंडू घेऊन आली. माझी दहाच्या दहा पोरं सुतासारख्या ओळीत उभी राहिली आणि एकदम, अगदी सारख्या पावलांनी, मागे मागे सरकत गेली. काय ओळ होती! एक पोरगं पुढे नाही, एक मागे नाही. समोरच्यांनी सावकाश चालत येऊन आमच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला आणि गुण घेतला. परत चेंडू, परत ओळ, परत मागे. अकरा वेळा. इतक्या लहानांचे गुण इथे लिहीत नाहीत, पण मी मोजले. कुंपणाबाहेरचे आईबाप पोट धरून हसत होते आणि माझी पोरं माझ्याकडे बघत होती, की बाई, आम्ही बरोबर करून राहिलो ना?

घरी येताना मोनू म्हणाला, "आई, आता बस झालं."

मी म्हटलं, "काय बस झालं? आपल्या पहिल्या वर्षी अर्धी बांधी वाकडी रोवली होती मी. मंग सोडली होती काय?"

मंगळवारी शॅरननं मला चहा दिला आणि कागदावर दोन बाण काढून दाखवले. चेंडूचा बाण मागे. पोराचा बाण पुढे. बोलली काहीच नाही, बोलून मला कळलं नसतं. मी तो कागद फ्रिजवर चिकटवला. चेंडू मागे टाकायचा, पण माणूस मागे न्यायचा नाही. पंचावन्न वर्षांच्या बाईला हे कळायला एवढ्या लांब यावं लागलं. मला त्या रात्री माझाच राग आला, आणि तो फक्त खेळापुरता नव्हता.

त्यानंतर आम्ही सुधारलो. अजूनही हरतो, पण काल चार वेळा आम्हीही पलीकडे चेंडू टेकवला. दहा गोरी-सावळी पोट्टी "मागं! मागं!" असं ओरडत पळतात आणि समोरच्या कोचला कळत नाही की ही कुठली भाषा. आधी मी पातळ रोवणीला खोचते तसं खोचून, रबरी बूट घालून उतरायचे. एकदा घसरून आडवी झाले, तेव्हा रितानं ही ट्रॅकपँट आणून दिली. आता ती सोडवत नाही. गावी येताना घालूनच येईन, पार्वताबाईला सांगून ठेव.

आता एमीचं सांगायचं आहे. माझ्या दहांतली ही एक. सहा वर्षांची, तांबड्या केसांची, पायाच्या काड्या. आईबापांची गाईंची शेती आहे, गावापासून दोन किलोमीटरवर. चेंडू हातात आला की ती मान जराशी डावीकडे कलती करते आणि सुटते. मग कुणाच्या बापाच्या हाती लागत नाही. पहिल्यांदा तिला तसं पळताना पाहिलं तेव्हा माझ्या हातातली शिट्टी हातातच राहिली. कबड्डीत चढाईला जाताना तूही अशीच मान कलती करायचीस.

गेल्या शनिवारी एमीची आई कुंपणापाशी आली. बुटांना शेण, डोळ्यांत झोप नाही. रिता माझ्यासोबत होती, तिनं समजावून सांगितलं. जुलैपासून गाई वितात, शेकड्यानं, पण घाई आतापासूनच. दोन महिने नवरा-बायकोला श्वास घ्यायला फुरसत नसते. पोरीला आणायला-पोचवायला कोण? म्हणून आजपासून एमीचा खेळ बंद. आणि मग ती बाई पोरीच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाली. मी रिताला विचारलं, हे काय म्हणाली?

रिता म्हणाली, "खेळच तर आहे म्हणते, आई. पुढच्या वर्षी खेळशील."

ते वाक्य मी ओळखलं. त्या बाईचा मला राग आला नाही. ती वाईट नाही, दमलेली होती. हंगामात बाईला दुसरं काही दिसत नाही, हे मला शिकवायला नको. पण मी रिताला म्हटलं, "सांग तिले, मी आणीन पोरीले. मंगळवारी अन् शनिवारी. पायी नेईन, पायी आणून सोडीन."

ती माझ्या पायांकडे बघायला लागली. रितामार्फत तिनं विचारलं, पाऊस असला तर?

"पावसातच तर आमचं काम असते," मी म्हटलं.

ती हसली आणि हो म्हणाली. मंगळवारी मी पहिल्यांदा एमीला आणायला गेले, काल दुसऱ्यांदा. दोन किलोमीटर जाताना, दोन किलोमीटर येताना, पोचवताना पुन्हा तेवढंच. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मी आपलं आपल्या बोलीत बोलते, ती तिच्या. तिला मी शब्द दिला आहे, गुड्डी. मी सत्तावीसला विमानात बसले तर ती पोर मंगळवारी फाटकापाशी बूट घालून उभी राहील आणि कुणी येणार नाही. म्हणून मी येत नाही. बाकी सगळी कारणं यानंतरची.

हे मी तुझ्या बाबांना आज दुपारी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरीसाठी एवढं? आपल्या पोरीसाठी केलं होतं का कधी?"

मी फोन कापला. पत्राचं बाकीचं उद्या लिहिते.

सोमवार, १६ जून

अंश शाळेत गेला आहे. घरात कुणी नाही. चहा घेऊन बसले आहे आणि अर्ध्या तासापासून पेन नुसतं हातात आहे.

तर ऐक. तू लिहिलंस, बाबानं मले जाऊ देलं नाही. चौदा वर्षं तू हेच धरून आहेस. राखीला येतेस, दिवाळीला येतेस, बाबांच्या पाया पडतेस आणि त्यांच्याशी धड चार शब्द बोलत नाहीस. लग्नात निघताना माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि त्यांना लांबूनच नमस्कार केलास. ते मी पाहिलं. सगळ्या गावानं पाहिलं.

तुला बाबांनी अडवलं नव्हतं. मी अडवलं.

तू बारावीला होतीस. भंडाऱ्याच्या जिल्हा स्पर्धेत तुझ्या चढाया बघून तुझ्या शाळेच्या सरांनी सांगितलं होतं की नागपूरच्या पंधरा दिवसांच्या कॅम्पसाठी तुझं नाव जाईल, कागद घरी येईल. त्या वर्षी पावसानं बारा दिवस ताण दिला होता. पऱ्हे म्हातारे व्हायला आले होते. आणि मग एकदम आला, दोन दिवस लागून आला. सगळ्यांच्या बांध्या एकदम रोवणीला तयार. चार बाया तापानं पडलेल्या आणि मी तीन शेतकऱ्यांना शब्द देऊन बसले होते. दुपारी मी सुतळी न्यायला घरी आले, गुडघ्यापर्यंत चिखल, तेव्हा पोस्टमननं कागद माझ्या हातात दिला. मी दारातच उभं राहून वाचला. कॅम्प सोमवारपासून होता.

माझ्या टोळीत सगळ्यात चपळ हात तुझा होता, गुड्डी. तू गेलीस तर माझी ओळ तुटत होती. एवढंच माझ्या डोक्यात आलं. तुझं सोनं होईल, तू पोलिसात लागशील, नाव काढशील, यातलं काही आलं नाही. मनात म्हटलं, खेळच तर आहे. पुढच्या वर्षी खेळेल. आणि कागदाची घडी घालून पेटीत, माझ्या लग्नाच्या शालूखाली ठेवला.

संध्याकाळी बांधीतून येताना तू विचारलंस, "कागद आला का वं आई?"

मी म्हटलं, "नाही."

तू माझ्यापुढे चालत होतीस. तुला माझं तोंड दिसलं नाही. पुढचे पंधरा दिवस तू माझ्या उजव्या हाताला उभी राहून रोवलंस आणि रोज संध्याकाळी तेच विचारलंस. मी रोज नाही म्हटलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मला ते जडही जात नव्हतं, हे तुला सांगितलं पाहिजे.

मग सरांनी तुला शाळेत विचारलं, तू आली काहून नाही? तू घरी आलीस ती थेट बाबांपुढे. ते बाजेवर बसून चहा पीत होते. चड्डी घालून खेळायला आधी तेच कुरकुरले होते, म्हणून तुला दुसरं कुणी सुचलंच नाही. तू विचारलंस, "माहा कागद कुठं आहे?" ते म्हणाले, "मले काय मालूम?" तू म्हणालीस, "फाडला ना?" आणि आत निघून गेलीस. मी चुलीपुढे होते. भाकर तव्यावर होती. ती जळली तरी मी तोंड उघडलं नाही.

बाबांना खरंच माहीत नव्हतं. कळलं ते तुझ्या लग्नाच्या वर्षी. जमिनीचे कागद काढायला त्यांनी पेटी उघडली आणि शालूखालून हा निघाला. वाचला. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी सांगतो गुड्डीले. ते म्हणाले, "आता लग्न तोंडावर आहे. पोरीले माय लागते. राहू दे, माह्यावरच राहू दे." घडी घातली आणि परत ठेवला. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. काल दुपारी पहिल्यांदा काढलं, रागात, आणि तेही अर्धंच. आणि मी लग्नानंतर सांगीन, मग पोर झाल्यावर सांगीन, असं करत राहिले, कारण तुझा राग बाबांवर पडत होता आणि माझ्या वाट्याला तुझं प्रेम येत होतं. मला ते सोडवलं नाही.

माफी मागणार नाही. मागितली तर तू देशील. तू तशीच आहेस, लगेच म्हणशील, जाऊ दे आई, जुनं झालं, आणि कुकर लागला म्हणून उठशील. मला ते नको. तू रागव. चांगली महिनाभर रागव, वर्षभर रागव, पण माझ्यावर रागव. मी सोशीन. आणि त्या माणसाला फोन कर. हे पत्र पोचेल तेव्हा रोवणी ऐन भरात असेल. ते दुपारी जेवायला घरी येतात तेव्हा कर. काही समजावून सांगू नको, त्यांना नको असतं. नुसतं विचार, बाबा, जेवले का?

आणि तरीही मी रोवणीला येणार नाही, हे नीट समजून घे. बाबा चांगले आहेत, माझा गुन्हा त्यांनी अंगावर घेतला, म्हणून त्यांचं सगळं ऐकायचं असा हिशोब मी मांडत नाही. त्यांनाही काल रात्री हेच कळवलं. म्हटलं, रोवणीपायी मी एक पोर थांबवली, आता त्याच रोवणीपायी दुसरी थांबवणार नाही. त्यांनी निरोप ऐकला. दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही. काल संध्याकाळची गोळी चुकली म्हणायची.

व्हिसासाठी जन्माचा दाखला शोधायला फेब्रुवारीत पेटी उघडली, तेव्हा कागद हाताला लागला आणि मी तो पिशवीत टाकून घेऊन आले. का आणला, तेव्हा कळलं नाही. इथे येऊन तो तीन महिने माझ्या उशीखाली आहे. आज तो या पाकिटात घालते आहे. तुझा आहे, चौदा वर्षं उशिरा पोचतो आहे. फाडायचा तर फाड, खुशबूला दाखवायचा तर दाखव. तारीख, शिक्का, तुझं पूर्ण नाव, सगळं नीट दिसतं. फक्त खालच्या कोपऱ्यात मातीचा डाग आहे.

उद्या मंगळवार. चार वाजता मला एमीच्या फाटकापाशी उभं राहायचं आहे.

तुझी आई,
निर्मला टिकाराम
कोच, सात वर्षांखालची पोरं

ता. क. कोपऱ्यातला तो डाग उजेडात धरून बघ. आपल्या बांधीच्या चिखलाचा अंगठा आहे. बाबांचा नाही. माझा आहे.